वेज, दोरा आणि मणी: दागिना मुळात आहे तरी काय?

झवेरी बाजारातल्या मोठ्या पेढ्यांच्या काचा मागे टाकून आतल्या गल्लीत शिरलं की एखाद्या जिन्याखाली नाहीतर दुकानाच्या फळीवर गाठवणारा बसलेला दिसतो. पुढ्यात मण्यांच्या वाट्या, मेणाचा तुकडा, पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणलेला दोरा. मंगळसूत्राच्या वाट्या किती ग्रॅमच्या आणि त्यावर घडणावळ किती, यावर दुकानात तासभर घासाघीस होते. त्या वाट्या गळ्यात टिकतात मात्र या माणसाच्या गाठीवर, आणि त्याची मजुरी देताना कोणी दोनदा विचारही करत नाही. दागिन्याचा इतिहास याच माणसाच्या कामापासून सांगायला हवा, कारण दागिन्यात सगळ्यात जुनी वस्तू सोनं नाही, वेज आहे. वेज म्हणजे मण्याला किंवा मोत्याला आरपार पाडलेलं छिद्र.

माणूस मणी ओवायला लागला त्याला निदान १,४२,००० वर्षं झाली. सोनं घडवायला लागला त्याला साडेसहा हजार. हा सगळा काळ चर्चगेट ते विरार असा धीम्या लोकलचा प्रवास मानला, तर वसईपर्यंत सोन्याचा पत्ताच नाही. नालासोपारा सुटून विरारचा प्लॅटफॉर्म जवळ आला की ते डब्यात चढतं.

पडलेलं छिद्र आणि पाडलेलं छिद्र

मोरोक्कोतल्या बिझमून नावाच्या गुहेत ३३ लहान समुद्री शिंपले सापडले. त्यांचं वय १,४२,००० ते १,५०,००० वर्षं ठरलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोंबोस गुहेतले असेच शिंपले सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीचे. आता शिंपल्याला छिद्र तर आपोआपही पडतं. जुहूच्या वाळूत हिंडलात तर दहा मिनिटांत छिद्र पडलेले चार शिंपले मिळतील. मग ते मणी होते हे कशावरून?

तीन-चार खुणा एकत्र पाहाव्या लागतात. काही मांसाहारी समुद्री गोगलगायी दुसऱ्याचं कवच पोखरतात. त्यांचं छिद्र वरून रुंद, आत निमुळतं आणि कडेला अगदी नेटकं असतं. लाटांनी झिजून पडलेल्या छिद्रासोबत शिंपल्याचा बाकीचा भागही तेवढाच झिजलेला असतो. माणसानं टोकदार दगडानं पाडलेल्या छिद्राची कड ओबडधोबड असते, पण दोऱ्यावर वर्षानुवर्षं हलत राहिल्यानं तिचा एखादाच बाजूचा भाग गुळगुळीत होतो. दोरा कुजून गेला तरी तो घासल्याची खूण उरते. शिवाय निवड: सगळे शिंपले जवळपास एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि छिद्रही त्याच ठिकाणी. काहींना गेरूचा लाल रंग लागलेला. निसर्ग इतका चोखंदळ नसतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. ज्या काळात पोट भरणं हेच दिवसभराचं काम होतं, त्या काळात माणसानं शिंपल्यांना वेज पाडण्यात वेळ का घालवला असेल? याचं मला पटणारं उत्तर असं की मणी ही ओळखपत्राची पहिली आवृत्ती आहे. घरच्यांना तुम्ही कोण ते सांगावं लागत नाही. अगदी परक्या मुलखातल्या माणसाला तुमच्या खुणांचा अर्थच कळत नाही. मण्याचं काम या दोघांच्या मधल्या माणसांशी असतं, म्हणजे ज्यांची नावं ठाऊक नाहीत पण रीतभात एक आहे अशांशी. टोळ्या वाढल्या, दूरच्या टोळ्यांशी गाठीभेटी वाढल्या, तेव्हा लांबून दिसेल अशी खूण लागायला लागली. लोकलच्या बायकांच्या डब्यात हेच रोज चालतं. समोरच्या बाईच्या गळ्यातलं काळी पोत, क्रूस की ताईत, पायात जोडवी आहेत की नाहीत, हातात हिरवा चुडा आहे का, हे सगळं दादर ते माटुंगा एवढ्यात वाचून होतं. एक शब्द बोलावा लागत नाही.

आपल्याकडचा पुरावाही लांबचा नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. त्या काळी शहामृग आपल्याकडे होते. हे मणी करायची रीत आफ्रिकेत आजही चालू आहे. कवचाचे नखाएवढे तुकडे करायचे, प्रत्येकाला आधी वेज पाडायचं आणि मग सगळे तुकडे दोऱ्यात घट्ट ओवून ती अख्खी माळ खडबडीत दगडावर घासायची. सगळे मणी एकदम गोल आणि एका मापाचे होतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोल घासून मग वेज पाडायला गेलं तर तयार मणी फुटतो आणि घासण्याची मेहनत फुकट जाते. कच्च्या तुकड्यावर वेज फसलं तर फारसं काही बिघडत नाही.

आणि हे सगळं हौसेपुरतं नव्हतं. रशियातल्या सुंगीर इथल्या सुमारे ३४,००० वर्षांपूर्वीच्या दफनांत तीन जणांच्या अंगावर मिळून मॅमथच्या दाताचे १३,००० हून अधिक मणी होते, आणि त्यातले बहुतेक दोन मुलांच्या अंगावर. ज्या वयात कोणी शिकार करून नाव कमावत नाही, त्या वयातल्या मुलांना हजारो मणी. मान जन्मानंही मिळत असावा, याचा हा फार जुना इशारा.

अकीकाचा मणी: एक काम, चार ठिकाणी फसण्याची संधी

शिंपला मऊ असतो, त्याला कोणीही टोचेल. दगडाला वेज पाडणं ही वेगळीच विद्या. सिंधू संस्कृतीचे कारागीर त्यात इतके पुढे गेले होते की त्यांचे लालभडक लांब मणी इराकमधल्या ऊर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, सापडले. मेसोपोटेमियातले लेख हा लाल दगड मेलुह्हा देशातून येतो असं सांगतात, आणि मेलुह्हा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हा दगड म्हणजे अकीक. तो गुजरातेत राजपिपळ्याच्या डोंगराळ भागात, रतनपूरजवळ मिळतो, आणि त्याचे मणी करणारे कारागीर खंभातला आजही आहेत. खाणीतून निघतो तेव्हा तो लाल नसतो. पिवळट, मातकट, काहीसा धुरकट असतो. त्यातल्या लोहाच्या संयुगात पाणी बांधलेलं असतं. तापवल्यावर ते निघून जातं आणि पिवळं लोह लाल होतं. विटेची माती भट्टीत लाल होते त्याच कारणानं.

म्हणून पहिली पायरी उन्हात वाळवण्याची, आणि ती काही महिने चालते. घाईत ओला दगड तापवला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो तडकतो. वाळलेले दगड मडक्यात भरून गोवऱ्यांच्या मंद आचेत ठेवतात आणि आपोआप थंड होऊ देतात. रंग गडद हवा असेल तर हेच पुन्हा पुन्हा. तापवण्याचा दुसरा फायदा असा की दगड छिलायला सोपा होतो. छिलण्यासाठी जमिनीत तिरका रोवलेला लोखंडी टोकदार सुळा असतो. दगड त्याच्या टोकाला टेकवायचा आणि मागून शिंगाच्या हातोडीनं हलका ठोका द्यायचा. म्हणजे घाव हातोडीच्या बाजूनं पडतो पण कपची सुळ्याच्या बाजूनं उडते. लोखंडाची हातोडी वापरली तर दगडाच्या पोटात चीर जाते. ती लगेच दिसत नाही, पुढे वेज पाडताना दगा देते.

मग वेज. आज खंभातला गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवतात. सिंधू काळी हिरा वापरात नव्हता. त्यांनी एक खास कठीण दगड शोधून, तापवून त्याची बारीक टोकं केली होती. सिंधमधल्या चन्हुदडो या सिंधूकालीन गावाचं उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून आजचे अभ्यासक त्या दगडाला अर्नेस्टाइट म्हणतात. या टोकाची कंबर मध्ये किंचित बारीक असे, म्हणजे छिद्रातली भुकटी बाहेर यायला आणि पाणी आत जायला वाट मिळते. तरीही प्रयोगात वेग भरला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या एका मण्याला २४ तास, रोज आठ तास काम केलं तर तीन दिवस. मोहेंजोदडोला सापडलेल्या कमरपट्ट्यांतले काही मणी याच्या दुपटीपर्यंत लांब आहेत. त्या कमरपट्ट्याची किंमत दगडात नाही, दिवसांत मोजायची.

वेज नेहमी दोन्ही टोकांकडून पाडतात. एकाच बाजूनं सरळ गेलं तर शेवटी टोक बाहेर पडताना मण्याची कपची उडते. दोन्हीकडून गेलं तर मध्यावर गाठ पडायला हवी, आणि ती कधी कधी चुकते. आत पायरीसारखी खाच राहते. आज अभ्यासक वेजात सिलिकॉन ओतून त्याचा साचा काढतात. त्या साच्यावर कारागिराचा हात कुठे हलला तेसुद्धा दिसतं.

लाल मण्यावर पांढऱ्या रेघा काढण्याची रीतही त्यांची. सज्जीखार, म्हणजे धुण्याचा सोडा, एका वनस्पतीच्या रसात कालवून त्यानं मण्यावर नक्षी काढायची, वाळवायची आणि निखाऱ्यांवर तापवायचं. खार दगडात मुरतो आणि रेघ कायमची पांढरी होते. रंग वरून लावलेला नसल्यानं खरवडला तरी जात नाही.

हातभर बांगड्या

मोहेंजोदडोची ती नर्तकी म्हणून ओळखली जाणारी ब्राँझची मूर्ती उंचीला फक्त साडेदहा सेंटिमीटर आहे. तिच्या डाव्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत चोवीस-पंचवीस बांगड्या आहेत, उजव्या हातात चार. अंगावर वस्त्र नाही, दागिने मात्र आहेत. आपल्याला हे विचित्र वाटतं. जुन्या शिल्पांत तो नियमच आहे. ‘अलंकार’ या शब्दात ‘अलम्’ आहे, म्हणजे ‘पुरेसं’. अलंकार घातला की अंग पुरं होतं. दागिना हा वरचा साज आणि कपडा ही गरज, ही आपली आजची विभागणी तेव्हाची नाही.

हडप्प्याच्या दफनांत बायकांच्या डाव्या हातात शंखाच्या बांगड्या सापडतात. शंखाची बांगडी करायची म्हणजे आधी आतला पिळाचा खांब ठोकून मोकळा करायचा आणि मग बारीक धारेच्या ब्राँझच्या करवतीनं शंख आडवा कापायचा. एका शंखातून मोजक्याच बांगड्या निघतात. शंख पिळाचा असल्यामुळे वर्तुळ पुरं जुळत नाही, एका जागी सांधा तिरका राहतो. बहुतेक बांगड्यांवर नेमक्या त्याच जागी एक व्ही आकाराची खाच कोरलेली आहे. दोष होता तिथेच नक्षी आली, आणि पुढे तीच त्या बांगडीची ओळख झाली. बंगालमध्ये लग्न झालेल्या बाईच्या हातात आजही त्याच शंखाचा चुडा असतो.

डाव्या हाताचाच मान का? कामाचा उजवा हात मोकळा राहावा, एवढं साधं कारण असू शकतं. मुंबईपुरतं वेगळं कारणही नोंदलेलं आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत सोनकोळी बायकांची रीत सांगितली आहे: लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहायच्या, त्याच्या बदल्यात दर्यानं नवऱ्याला सांभाळायचं, आणि पुढे बांगड्या फक्त डाव्या हातात घालायच्या. या रीतीचा मोहेंजोदडोशी धागा जोडायला कसलाही पुरावा नाही आणि कोणी जोडूही नये. पण न घातलेली बांगडीसुद्धा दागिन्याइतकंच बोलते, हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

बांगडीभोवतीची भाषा तर दागिन्याहून जपलेली. बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी ते ‘वाढलं’. कासाराकडे बांगड्या ‘घालत’ नाहीत, ‘भरतात’. खूण मोडली की तिनं दाखवलेली गोष्टही मोडेल, ही भीती शब्दांतही उतरली आहे.

सोनं उशिरा का आलं, आणि आल्यावर काय झालं

सोनं नदीच्या वाळूत धातूच्याच कणांच्या रूपात मिळतं, त्याला भट्टीत गाळून खनिजापासून वेगळं करावं लागत नाही. तरी ते उशिरा आलं, कारण ते हत्याराच्या कामाचं नाही, फार मऊ. बल्गेरियातल्या वार्ना इथे १९७२ मध्ये एक दफनभूमी सापडली. तिथलं सोनं इसवी सनापूर्वी ४६०० ते ४३०० च्या दरम्यानचं, घडवलेल्या सोन्याच्या सर्वांत जुन्या मोठ्या साठ्यांपैकी एक. एकाच पुरुषाच्या थडग्यात सुमारे दीड किलो.

मऊपणा हाच पुढे सोन्याचा गुण ठरला. एक ग्रॅम सोनं ठोकून ठोकून जवळपास एक चौरस मीटर पसरवता येतं. ते गंजत नाही, काळं पडत नाही, घाम त्याला खात नाही. बाळाचे कान सोन्याच्या तारेनं टोचतात त्यात शास्त्र आहे ते एवढंच: ओल्या जखमेत सोन्यातून काही मिसळत नाही. स्वस्त धातूत निकेल असतं, आणि बऱ्याच जणांचे कान चिघळतात ते त्यानं.

सोन्याबरोबर वजनमाप आलं. गुंज ही लाल-काळी बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हा जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आजीच्या चिठ्ठीवर पाच तोळे लिहिलेला हार वजनाला ५८ ग्रॅमच्या पुढे भरायला हवा. पन्नासच भरला तर चिठ्ठी नव्या मापाची आहे, किंवा हार मधे कधीतरी मोडून पुन्हा घडवलेला आहे. शुद्धता पाहायची ती काळ्या दगडावर रेघ ओढून. तो कसोटीचा दगड. हरियाणातल्या बणावली या सिंधूकालीन गावात सोन्याच्या रेघा उमटलेला असा दगड सापडला आहे. परीक्षेला आपण कसोटी म्हणतो आणि चोख माणसाला बावनकशी, ते त्या रेघेवरून.

दागिना आणि नाणं यांची तर सतत अदलाबदल चालू आहे. ऋग्वेदात निष्क हा गळ्यातला सोन्याचा दागिना आहे. पुढे निष्क हे नाण्याचं नाव झालं. उलटा प्रवास पुतळीचा. व्हेनिसचं सोन्याचं नाणं व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलं. त्यावर माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून लोकांनी त्याला पुतळी म्हटलं, कान जोडून ओवलं आणि पुतळ्यांची माळ झाली. आता त्या नाण्यांच्या नुसत्या नकला करतात.

हडप्प्याच्या थडग्यांत शंख आहे, दगडाचे मणी आहेत, सोनं जवळपास नाही. याचा अर्थ सोनं नव्हतं असा नाही. वस्तीत, घरांच्या जमिनीखाली पुरून ठेवलेलं सापडतं. ते मेलेल्याबरोबर जात नव्हतं, मागच्यांना मिळत होतं. स्मृतिकारांनी स्त्रीधन वेगळं काढलं त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट ही आहे: ज्या बाईला जमिनीत वाटा नाही, तिची मालमत्ता तिच्या अंगावर. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही. लग्नातले दागिने सासूच्या लॉकरमध्ये ठेवताना पावत्या आणि फोटो मुलीच्या नावानं जवळ असावेत, हा सल्ला त्यातूनच येतो.

जाता जाता एक गोष्ट. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत पहाटे झाडून माती गोळा करणारे लोक असतात. जुन्या मराठीत अशांना झारेकरी म्हणतात. सोनारांच्या कपड्यांवरून, केसांवरून, पाण्याबरोबर गटारात गेलेले सोन्याचे कण ते पाण्यात घोळून वेगळे करतात. माती वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. माणसानं नदीकाठी पहिलं सोनं मिळवलं ते याच युक्तीनं. फरक एवढाच की शेवटी कण धरायला पारा वापरतात आणि तो उडवताना त्याची वाफ नाकात जाते. हे काम करणाऱ्याच्या फुप्फुसांची आणि मज्जातंतूंची त्यात वाट लागते.

खूण वाचायची कशी

एकेका दागिन्याचा एकेक अर्थ सांगणारे तक्ते फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नये. दागिन्याचा अर्थ तीन गोष्टी मिळून ठरतो: तो कशाचा आहे, अंगावर कुठे आहे आणि कधी चढला. काळा मणी घ्या. बाळाच्या मनगट्यांत तो दृष्ट लागू नये म्हणून असतो, आईच्या गळ्यात तोच सौभाग्याचा. चांदी पायात चालते, सोनं नाही, कारण सोनं म्हणजे लक्ष्मी आणि लक्ष्मीला पाय लावायचा नाही. बाळाच्या कमरेचा करदोटा तर नुसता दोरा; मणी नाही, वेज नाही. दागिन्याचं याहून साधं रूप नसेल.

आकडेही बोलतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांच्या हारांना लडींच्या संख्येवरून नावं आहेत: १००८ लडींचा इंद्रच्छंद, त्याच्या निम्म्या लडींचा विजयच्छंद, आणि २७ लडींची नक्षत्रमाला, कारण नक्षत्रं सत्तावीस. कोल्हापुरी साजातही तसंच. जवमण्यांमध्ये ओवलेल्या एकवीस पानड्या (सोन्याची छोटी पदकं), त्यांतल्या दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगलाच्या, दोन माणिक-पाचूच्या आणि एक डोरल्याची, अशी पारंपरिक मोजणी. दुकानात हल्ली अकरा-बारा पानड्यांचाही साज मिळतो. दिसायला छान असतो, पण मोजणी गेली.

याउलट, जोडव्यांमुळे पायाच्या बोटाची नस दाबली जाऊन गर्भाशयाला फायदा होतो, ही व्हॉट्सअ‍ॅपवरची माहिती खोटी आहे. पायाच्या दुसऱ्या बोटातून गर्भाशयाकडे जाणारी अशी कुठलीही खास नस नाही. जोडवी ही लग्नाची खूण आहे. तिला वैद्यकाचा टेकू कशाला?

जुना दागिना हाताळताना

साज, पुतळ्या, वज्रटीक अशा ठसठशीत दिसणाऱ्या दागिन्यांत बहुधा पातळ पत्रा आणि आत लाख असते. लाख गरम पाण्यात मऊ होते, म्हणून हे दागिने गरम पाण्यानं धुवायचे नाहीत. पत्रा चेपतो आणि चेपलेला सरळ होत नाही. विकताना किंवा मोडताना लाखेचं वजन वजा होतं, तेव्हा वजनातल्या घटीची तयारी ठेवावी. मोती म्हणजे मुख्यतः चुनाच. घाम, लिंबू, अत्तर, स्प्रे यांनी त्याची झिलई मरते. नथ सगळी तयारी झाल्यावर घालावी, सगळ्यात आधी उतरवावी आणि कोरड्या सुती कपड्यानं पुसावी.

मोत्यांचा सर गाठवताना प्रत्येक मोत्यामागे गाठ मागून घ्या. मजुरी जास्त पडते, पण दोरा तुटला तर एकच मोती सांडतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. दोरा तुटण्याचं नेहमीचं कारण त्याचा कच्चेपणा नसून वेजाची धारदार कड असते; पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटत असेल तर तिथला मणी बदला. दारावर येऊन पॉलिश करून देणाऱ्याच्या हातात पाटल्या कधीही देऊ नका. त्याच्या वाटीतलं पाणी म्हणजे सोनं विरघळवणारं आम्ल असू शकतं. पाटल्या चकचकीत होऊन परत येतात, वजन उतरलेलं असतं, आणि ते सोनं तो वाटीसकट घेऊन गेलेला असतो.

कान भरलेले, कान रिकामे

परंपरेतलं जुनं काय आणि नवं काय, हे पुस्तकापेक्षा बोरिवलीला लवकर कळतं. कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्या जोडप्यांची शिल्पं आहेत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. बायकांच्या कानांत जड कर्णभूषणं, कमरेला मेखला, पायांत जाड वाळे. नाक पाहा. रिकामं आहे. कान्हेरीलाच नव्हे, कार्ल्याला नाही, अजिंठ्याला नाही. प्राचीन शिल्पचित्रांत नाकातला दागिना दिसत नाही. नथ मध्ययुगातली, आणि मोत्यांची मराठी नथ बहरली ती पेशवाईत. तिचे बसऱ्याचे मोतीसुद्धा बसऱ्याला निघत नसत. निघत इराणच्या आखातात, बसरा फक्त पेठ. मंगळसूत्राचंही तसंच. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांच्या वैदिक ग्रंथांत, जो लग्नविधी आहे त्यात पाणिग्रहण आहे, लाजाहोम आहे, सप्तपदी आहे. गळ्यात बांधायचं मंगळसूत्र नाही. नवी असली म्हणून नथ खोटी ठरत नाही. फक्त ‘वेदकाळापासून’ असं म्हणायची गरज नाही, कारण तिच्या शेजारचा काळा मणी कुठल्याही वेदाहून जुन्या रीतीचा वारस आहे.

त्याच व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत, दात्यांच्या शिल्पांनंतर काही शतकांनी कोरलेल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या लांब ओघळलेल्या आहेत. पाळी अशी लांबते ती वर्षानुवर्षं जड कुंडलं घातल्यावर, म्हणजे राजपुत्राच्या कानाची. आणि त्यात आता काही नाही. शिल्पकारानं काढून ठेवलेली कुंडलं दाखवली आहेत, ती अशी. कान्हेरी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, ते सोमवारी बंद असतं.